पट्टी सुटल्यावरचं पहिलं तोंड

ऑक्टोबरच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या सर्वांत मोठ्या वर्गात चाळीस माणसं डोळे बांधून उताणी पडलेली असायची. आजही दुपारी डोळा लागता लागता मला तो वर्ग दिसतो. बाकं बाहेर व्हरांड्यात एकावर एक रचलेली, फरशीवर चटया, चटयांवर सतरंज्या, प्रत्येक डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. फळ्यावर सहामाही परीक्षेचं वेळापत्रक तसंच राहिलेलं. खिडक्यांना ओली पोती टांगलेली आणि पोत्यांच्या विणीतून गाळून आलेला तांबूस उजेड सगळ्यांच्या अंगावर पसरलेला. त्या उजेडात एका बाईचा आवाज चालत असायचा. बोलत असायचा असं मी म्हणत नाही. तो आवाज खरोखर पायी चालत असे आणि चाळीस माणसं पडल्या जागेवरून त्याच्या मागोमाग जात.

निपाणीत मोतीबिंदूचं शिबिर भरे, तेव्हाची ही गोष्ट. सत्तरच्या दशकाची अखेर आणि ऐंशीच्या दशकाची पहिली काही वर्षं. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं, की सकाळी जावं आणि दुपारी चहाला घरी यावं. डोळ्याला टाके घालत. सहा दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मान वळवायची नाही, खोकायचं नाही, चावून खायचं नाही. बाहेरगावचे डॉक्टर यायचे, दोन दिवसांत ऑपरेशनं उरकून जायचे आणि पट्टी सोडायला पुन्हा यायचे. मधले दिवस आम्हा गावकऱ्यांवर सोडलेले असत.

मी त्या शाळेत शिक्षिका होते. माहेर बेळगावचं, खडेबाजारातलं. लग्न करून निपाणीत आले तेव्हा पहिले दोन महिने मी नुसती शिंकत होते. गावभर तंबाखूच्या वखारी, आणि पाला झोडपायला लागले की वाऱ्याबरोबर ती बारीक भुकटी घराघरांत शिरायची. गावच्या लोकांना त्याचं काही नाही. पण शिबिरात एका शिंकेनं टाका तुटायचा आणि टाका तुटला की डोळा गेलाच. म्हणून ती ओली पोती. आणि पोत्यांतूनही भुकटी आलीच तर आक्काचा अंगठा.

आक्का स्वतः वखारीत कामाला होती. लग्नानंतर लगेचच तिचा नवरा गेला, असं मी ऐकून होते. पहिल्या वर्षी ती मावशीला घेऊन शिबिरात आली. मावशी बरी होऊन घरी गेली, ही मात्र दरवर्षी येत राहिली. वखारीतून आठवड्याची सुट्टी काढायची आणि सकाळी सहाला शाळेच्या फाटकात हजर. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी कधी थांब म्हणालं नाही. बेडपॅन तीच उचले, पेज तीच भरवी. कुणाच्या नाकपुड्या थरथरायला लागल्या की चार चटया ओलांडून जाऊन ती त्याच्या वरच्या ओठावर अंगठा दाबून धरी, शिंक परत फिरेपर्यंत. आम्ही सगळे तिला आक्का म्हणत असू. शिबिर समितीचे आप्पा, कापडदुकानवाले, चांगले साठीचे, तेसुद्धा आक्काच म्हणायचे, मग मी काय वेगळं म्हणणार?

तिच्या हातांना पाल्याचा वास होता, कितीही धुतले तरी न जाणारा. तंबाखूवाचून कासावीस झालेले म्हातारे हळूच म्हणत, "आक्का, जरा हात दे गं नाकाला." ती वीतभर अंतरावर तळवा धरी. म्हातारा एक लांब श्वास घेई आणि शहाण्यासारखा पडून राही.

पण खरं तिचं काम ते चालणं. पट्टी बांधल्यावर पहिल्या दिवशी ती प्रत्येकाशेजारी बसून विचारायची, गाव कुठलं, घरापासून रान किती लांब, वाटेत काय काय लागतं. दुसऱ्या दिवसापासून वर्गाच्या मधोमध भिंतीला टेकून सुरू करायची.

"आत्ता आपन सदलग्याच्या येशीतनं भायेर पडलो. डाव्या हाताला हीर. हिरीवर कोन न्हाय. पोहरा पालथा घातलाय. फुडं चिंच हाय, चिंचंखाली बैलं बसल्यात, तेस्नी उठवू नका. ऊन पाठीवर हाय. आता नदीचा वास याला लागला."

कोपऱ्यातून सदलग्याचा म्हातारा ओठ न हलवता म्हणे, "हिरीजवळ धोंडा हाय. ठेच लागंल."

"बगितला की धोंडा. वलांडला."

मी एकदा तिला म्हटलं, एखादी गोष्ट सांग की, राजाराणीची. माझ्याकडे तिनं असं बघितलं, जसं मी बिनडोक मुलांकडे बघते.

"गोष्टीत मानूस हसतंय न्हायतर रडतंय," ती म्हणाली. "हसलं की प्वाट हालतंय, प्वाट हाललं की डोळा हालतोय. रडलं तर इचारूच नको. मग ऱ्हायलं काय? वाट. वाटंनं चालताना कोन हसतंय का रडतंय?"

सहाव्या दिवसापर्यंत बोरगावच्या माणसांना सदलग्याची सगळी वळणं पाठ झालेली असत आणि सदलग्याच्यांना बोरगावची. माझं काम संपलेलं असलं तरी मी दारात उभी राहून ऐकत असे. मला कुठलंच गाव माहीत नव्हतं, तरी मी त्या वाटांनी गेले आहे. नदीकाठची पायाला लागणारी गार माती मला अजून आठवते, आणि मी तिथे कधीच गेलेले नाही.

आता पट्टी सोडण्याच्या दिवसाचं सांगते. पहिल्याच शिबिरात एका म्हाताऱ्याची पट्टी सुटली तेव्हा समोर आक्का उभी होती. आठ दिवसांनी त्याच्या डोळ्यात पू झाला आणि डोळा गेला. त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळा चोळला होता, हे त्याच्या सुनेनंच डॉक्टरांना सांगितलं. पण गावात उठलं ते वेगळंच. सहा दिवसांनी डोळे उघडले आणि पहिलं तोंड कुणाचं बघितलं, तर कपाळ मोकळं असलेल्या बाईचं! पुढच्या वर्षी माणसं शिबिराला यायलाच तयार होईनात. तेव्हा आप्पांनी तोडगा काढला: पट्टी सुटताना समोर सवाष्ण उभी करायची.

ती सवाष्ण मी. नवं लग्न, रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. आप्पा घरी येऊन सासूबाईंना विचारून गेले. डॉक्टरांना त्याचं काही नव्हतं, त्यांना बोटं दाखवायला कुणीतरी हवंच होतं. ते पट्टी सोडत, जाड भिंगाचा चष्मा नाकावर ठेवत आणि म्हणत, "किती बोटं?" मी तीन बोटं धरलेली असत. माणूस "तीन" म्हणे आणि मग बोटांवरून त्याची नजर माझ्या तोंडावर येई. त्या नजरेचं मी काय सांगू! नुकतं जन्मलेलं मूलही आईकडे तसं बघत नसेल. बाया माझा चेहरा कुरवाळत. माझ्या आजोबांच्या वयाची माणसं वाकायला बघत आणि डॉक्टर ओरडत, वाकायचं नाही!

त्या वेळी आक्का शाळेच्या मागच्या हापशावर भांडी घासत असे. सकाळी पेज भरवून झाली की पदर खोचून तिकडे जायची, सगळे बैलगाड्यांत आणि एसटीत बसून आपापल्या गावी जाईपर्यंत पुढे यायची नाही. त्या पहिल्या शिबिरानंतर आठ शिबिरं झाली. शेकडो माणसं तिच्या हातचं जेवली, तिच्या मागून मैलोगणती चालली, आणि त्यांतल्या एकानंही तिला बघितलेलं नव्हतं.

हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि मी गप्प होते. माझा स्वभाव तापट, सासूबाई म्हणायच्या ही पोरगी हिरवी मिरची खाऊन जन्माला आली आहे, पण या बाबतीत माझा ताप कुठे जायचा कोण जाणे. खरं कारण सांगायचं तर मला ते आवडत होतं. लोकांचं पहिलं तोंड होणं कुणाला आवडणार नाही?

मग एका पावसाळ्यात शाळेत सरकारी परिपत्रक आलं. राज्यभरातल्या उत्तम स्वयंसेवकांचा बंगळूरला सत्कार होणार, प्रत्येक जिल्ह्यानं नावं कळवावीत. सोबत चार पानी कन्नड फॉर्म. आप्पांच्या मनात समितीचं नाव घालायचं होतं. त्या दिवशी मात्र माझी तार सटकली. "समिती बेडपॅन उचलते का हो आप्पा?" असं मी भर शिक्षकखोलीत विचारलं. आप्पा गोरेमोरे झाले. फॉर्म मी घरी नेला, शेजारच्या कन्नड बाईंच्या मदतीनं भरला आणि आक्काच्या नावानं पाठवला. नाव लिहिताना लक्षात आलं की ते मला माहीतच नाही. ते विचारायला मुद्दाम तिच्या गल्लीत गेले. तिनं सांगितलं आणि स्वतःच हसली, "लई दिसांनी घेतलं बग."

थंडीत चौकशीला एक अधिकारी आले. भला माणूस. फॉर्मवर विश्वास न ठेवता जीपनं सदलगा, बोरगाव असं फिरले, जुन्या रुग्णांना गाठून विचारलं, शिबिरात तुमचं सगळं करणारी बाई कोण? सगळ्यांनी एकच सांगितलं. ती देवी आहे. आई करणार नाही असं तिनं केलं. आणि दिसायला कशी? मोठं कुंकू, हिरव्या बांगड्या, हनुवटीवर तीळ. त्यांचं काय चुकलं? सहा दिवस ऐकलेला आवाज आणि सातव्या दिवशी दिसलेलं तोंड, एवढंच त्यांच्याकडे होतं. त्यांनी आवाजाला ते तोंड लावून टाकलं होतं. इतकी वर्षं ते माझ्या पाया पडत होते ते आक्काच्या पाया पडत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

अधिकारी शेवटी शाळेत आले, माझ्या हनुवटीकडे बघून "नीवे!" म्हणाले, म्हणजे तुम्हीच त्या, आणि वही मिटली. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, मी नव्हे, दुसरी आहे, तिचं नाव फॉर्मवर आहे. ते प्रेमळ हसले. चांगली माणसं नेहमी असंच म्हणतात, असं म्हणून चहा न घेता निघून गेले.

महिन्याभरानं पत्र आलं, माझ्या नावाचं. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी गल्लीभर साखर वाटली. मामंजी एरवी बंगळूरचं नाव काढलं की तोंड वाकडं करायचे. त्यांनीसुद्धा पत्र दोनदा चाळून बघितलं आणि म्हणाले, "चला, ह्या कोपऱ्यातलं कोन तरी दिसलं म्हनायचं तेस्नी." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण लिहायचं तर खरं लिहावं. चार दिवस मी आक्काच्या गल्लीनं गेले नाही. बाजाराला जाताना लांबचा वळसा घेतला.

पाचव्या दिवशी वखार सुटल्यावर तीच दारात. म्हटलं, आता ही काय बोलणार?

"बंगळूरला जानार म्हनं!" तिचे डोळे चमकत होते. "कशानं जातीस? आगगाडीनं? मग वाटंत काय काय लागतंय गं?"

मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं तिला, फॉर्म, अधिकारी, तीळ. ती शांतपणे ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, "आसू दे की. तेंच्या डोळ्यांनी तुला बगितलं, तेंनी तुजंच सांगनार." त्याच संध्याकाळी मी कचेरीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की यादी छापून झाली आहे. मग मी हट्ट धरला की सोबतीला आक्काच येणार. मनात ठरवून टाकलं होतं: नाव पुकारलं की तिचा हात धरून मंचावर न्यायचं आणि माईकवर सांगायचं, काय व्हायचं ते होवो.

बंगळूरचं ते सभागृह मला एखाद्या जुन्या स्वप्नासारखं आठवतं. उंच छत, संथ फिरणारे पंखे, मोगऱ्याचा आणि चंदनहारांचा मिसळलेला वास. आणि खुर्च्यांवर राज्यभरातून आलेली ती माणसं. नवे कपडे घालून, आपण इथे कसे आलो याचं नवल करत गुपचूप बसलेली. कारवारकडचा एक होडीवाला होता, पुरात शिरून माणसं काढणारा. कोरड्या जमिनीवर पाय कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नव्हतं. विजापूरकडची एक आजी होती, दर उन्हाळ्यात गावच्या आडातला गाळ काढायला सगळ्यांआधी स्वतः उतरणारी. अशी कितीतरी. मी माझ्या जागेवर घामानं भिजून बसले होते. आक्का मात्र एकाजवळून दुसऱ्याजवळ जात होती. वखारीत शिकलेलं तिचं कन्नड माझ्यापेक्षा शंभर पटींनी बरं. काय विचारत होती ते मला दुरूनही कळत होतं. होडीवाला हातवारे करून वळण दाखवत होता, आजी बोटांनी टेकड्या मोजत होती.

नाव पुकारलं. मी तिचा हात धरायला हात पुढे केला तर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"चल," मी म्हटलं.

"जा गं. मानसं थांबल्यात."

"तुला घेतल्याशिवाय जाणार नाही."

तेव्हा पहिल्यांदाच तिचा चेहरा कोमेजलेला मी बघितला. ती हळू म्हणाली, "हितं समद्यांचं चांगलं चाललंय. मी फुडं आले आन कुनाचं काय वाकडं झालं तर? त्या पैल्या म्हाताऱ्याचा डोळा... खरंच माज्या तोंडानं गेला आसंल तर गं?"

आठ वर्षं ती हे मनात धरून होती. मला वाटायचं ती लोकांसाठी मागे राहते. ती स्वतःला भीत होती. मी इतकी सुन्न झाले की दुसऱ्यांदा नाव पुकारल्यावर उठून चालायला लागले, शाल घेतली, हार घेतला, फळांची करंडी घेतली आणि माईकवर एक शब्द न बोलता खाली आले. मंचावरून मला ती दिसत होती. डोक्यावर पदर घट्ट ओढून, खुर्चीच्या कडेवर बसून, जोरजोरात टाळ्या वाजवत होती.

परतीच्या गाडीत मी शाल तिच्या अंगावर टाकली. तिनं घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. "शाल तुला. सफरचंद मला," म्हणाली, आणि खिडकीला नाक लावून एकेक स्टेशन वाचून घेऊ लागली. मी सगळ्या वाटेनं धुसफुसत होते. तिच्यावर, आप्पांवर, त्या मेल्या म्हाताऱ्याच्या धोतराच्या सोग्यावर. सगळ्यांत जास्त माझ्या कपाळावरच्या कुंकवावर.

पुढचा ऑक्टोबर आला. त्या वर्षी वर्गात आक्का सदलग्याला गेलीच नाही. ती चाळीस जणांना घेऊन राज्यभर फिरली. होडीवाल्याच्या खाडीतून, आजीच्या उजाड टेकड्यांवरून, मोगऱ्याचा वास येणाऱ्या रस्त्यांवरून. जन्मात निपाणीपलीकडे न गेलेली माणसं डोळे बांधून समुद्राच्या कडेनं चालत होती आणि कुणीतरी अंधारातून विचारत होतं, "पानी खारट हाय काय गं?" आणि ती म्हणत होती, "चाकून बगा की."

सातव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. सगळ्यांचे नातेवाईक दाराशी जमले. मी आत गेलेच नाही. तडक हापशावर गेले, साडी खोचली आणि आक्काच्या हातातलं पातेलं ओढून घेतलं.

"भांडी मी घासते. तू आत जा."

"खुळी का काय तू!"

"तू जाणार नसशील तर आज कुणीच उभं राहणार नाही."

आप्पा धावत आले. "बाई, हा काय पोरखेळ? डॉक्टर खोळंबलेत." मी राखेनं पातेलं घासत राहिले. आप्पांनी आवाज चढवला, मीही चढवला. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं, आणि आमचं भांडण त्या पोत्यांआडच्या खिडक्यांतून आत सगळ्यांना ऐकू जात होतं, याचं भान दोघांनाही नव्हतं.

आतून एक चिरका आवाज आला. "वाट सांगनारी कुटं हाय?"

बोरगावची म्हातारी होती, खिडकीजवळच्या चटईवरची. आप्पा आत गेले, मागोमाग मी, राखेच्या हातांनी. आप्पा तिला समजावू लागले, "आजी, ती बाई कपाळानं मोकळी हाय. पैलं तोंड चांगलं बगावं मानसानं."

"मग मी कोन हाय रं?" म्हातारी उताणी पडूनच म्हणाली. "चाळीस वर्सं रोज सकाळी आरशात रांडमुंडीचंच तोंड बगत आले की मी! मला काय झालं? डोळं गेलं ते म्हातारपनानं गेलं. सा दिस जिनं मला समिंदरापातूर नेलं, तिला बगितल्याबिगर मी पट्टी सोडू देनार न्हाय. सोडा मग दुसऱ्याची."

दारात तिचा मुलगा उभा होता. सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "आई म्हनत्या तसं करा."

मी जाऊन आक्काला आणलं. आणलं म्हणजे ओढत आणलं. तिचे हात ओले होते. चटईसमोर तिला उभं केलं तर तिनं पदर तोंडावर ओढला. मी तो खाली केला. डॉक्टरांनी पट्टी सोडली, डोळा पुसला, जाड भिंगाचा चष्मा म्हातारीच्या नाकावर ठेवला. आक्कानं डोळे घट्ट मिटून घेतले होते. आता काहीतरी वाईट होणार, अशी ती वाट बघत होती.

"किती बोटं?" डॉक्टरांनी स्वतःची बोटं धरली.

"दोन," म्हातारी म्हणाली. पण तिचं बोटांकडे लक्ष नव्हतं. ती आक्काकडे बघत होती. खूप वेळ बघितलं तिनं.

"अगं बया," ती म्हणाली, "तू तर माज्या नातीएवढी हाईस की गं!"

मी आक्काकडे बघितलं. कोवळं, घाबरलेलं तोंड, गालावर पाण्याचे शिंतोडे. जेमतेम अठ्ठावीस वर्षांची असेल. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. म्हणजे पहिल्या शिबिराला आली तेव्हा विशीचीसुद्धा नव्हती. इतकी वर्षं माझे दोन्ही डोळे उघडे होते, आणि हे मला दिसलं नव्हतं.

"आक्का कशाला म्हनू तुला?" म्हातारीनं चटईवरून हात वर केला. "नाव काय बाई तुजं?"

तिनं डोळे उघडले. नाव सांगितलं. म्हातारीनं त्या नावानं तिला हाक मारली, जवळ ये म्हणाली, आणि ती गेली.